तिसरी टाकी

आडगावच्या ट्रक टर्मिनलवर
सकाळी साडेसहाला हवा इतकी ओली
की पान्याला हात लावला तरी पाणी सुटतं.
अशा हवेवरच तर आमचं पोट.
कॉम्प्रेसर ती ओढतो, दाबतो,
आणि ड्रायर तिच्यातलं पाणी
साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या मण्यांत धरून ठेवतो.
नाहीतर ते जाईल थेट व्हॉल्व्हपर्यंत,
आणि कसाऱ्याच्या उतारावर
पाय दाबला तरी...
असो. सकाळी सकाळी ते नको.

आज आली द्राक्षांची गाडी, पिंपळगावहून,
बारा चाकी, गळ्यापर्यंत भरलेली.
ड्रायव्हर खंडू गांगुर्डे, डोळे लाल,
खाली उतरायच्या आधीच बोलायला लागला:
"टाकीतून तेलकट पाणी येतंय, कार्ट्रिज बदला.
दोन मिनिटांचं काम.
हवा कशाला सोडता? परत भरायला डिझेल जळतं."

तेजल काही बोलली नाही.
सातपूर आयटीआयची, तीनच महिने झालेत.
चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुढून आणि मागूनही.
किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली.
मग टाक्यांखालच्या तारा ओढू लागली.

फुस्स. पहिली.
फुस्स. दुसरी.
केबिनमधले दोन्ही काटे शून्यावर टेकले.

"झालं ना?" खंडू म्हणाला.
आणि मीही पाना उचलला होता, खोटं कशाला बोलू.
काटा खाली बसला
की हात आपोआप पुढे जातो.

ती म्हणाली, "काटे दोन आहेत, सर. टाक्या तीन."

स्टेपनीच्या आड वाकून,
गालाला चिखल लावून घेत
तिने शेवटची तार ओढली.

किती वेळ सुटत होती ती हवा!
टपरीखालचं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं.
खंडूने बिडी विझवली, का कोण जाणे.

मला हमीद उस्ताद आठवला.
त्याच्या डाव्या भुवईतली चीर,
जिथे पुन्हा केस उगवलेच नाहीत.
ड्रायरची एक सर्कलिप, एक झाकण, आणि आत राहिलेली थोडी हवा,
एवढंच झालं होतं.
"हवा दिसत नाही," तो म्हणायचा,
"म्हणून माणूस तिला रिकामी समजतो."
आणि गॉगल माझ्या डोळ्यांवर
स्वतःच्या हाताने बांधायचा,
नवरदेवाला मुंडावळ्या बांधतात तसा.
तो गेल्यावर
तो गॉगल मी खिळ्याला टांगला.
गेल्या तीन महिन्यांत कुणी उतरवला असेल तर तेजलने.

पट्ट्याचा पाना लागला, कार्ट्रिज फिरलं.
आत काळा गाळ,
मणी तेलात भिजून भाकरीच्या पिठासारखे.
"कॉम्प्रेसर तेल फेकतोय," ती म्हणाली,
"नुसतं हे बदलून पुरायचं नाही."
खंडू द्राक्षांकडे बघत राहिला.
त्याला चारपर्यंत बंदरावर पोचायचं होतं.
तिने बिलाच्या मागे लाल पेनाने लिहिलं:
परतताना कॉम्प्रेसर. विसरू नये.
खाली सही घेतली. त्याची आणि माझी.

जुनं रबर खरवडून काढलं, बैठक पुसली,
नवी रिंग, बोटावर जरासं ग्रीस,
हाताने आवळलं, त्यावर अर्धा फेरा.
ठोकळे तसेच ठेवून इंजिन सुरू.
काटे चढत गेले. सहा. सात. आठ.
मग ड्रायर शिंकला,
एकदाच, मोकळं,
सर्दी गेलेल्या पोरासारखा.
साबणाचं पाणी फिरवलं, बुडबुडा एकही नाही.

गाडी हायवेला लागली.
तेजल रॉकेलने हात धूत होती.
"सर, मी आत होते तेव्हा तुम्ही अगदी जवळ उभे होता.
तुमचा गॉगल कुठाय?"

एकच आहे, म्हणालो. उद्या दुसरा आणतो,
द्वारकेला मिळतो, साठ रुपयांना.

इतकी वर्षं
साठच रुपयांना मिळत होता.